ऑझच्या चेटकिणीची कारकीर्द म्हणे संपली!

'द विझर्ड ऑफ ऑझ' या जुन्या अमेरिकी चित्रपटातल्या हिरव्या चेटकिणीचा फोटो आणि खाली एक करुण कहाणी, असा मजकूर अधूनमधून मोबाइलवर येऊन आदळतो. मार्गारेट हॅमिल्टन ही साधी शाळेतली बाई, तिला थेट चेटकीण केलं, विषारी हिरव्या रंगाने सेटवर पेट घेतला, तिने स्टुडिओला कोर्टात खेचलं आणि मग तिला कुणी दारात उभं केलं नाही, असं त्यात म्हटलेलं असतं. यातला 'शाळेतली बाई' एवढा तुकडा खरा आहे, पण तोही चुकीच्या जागी चिकटवलेला.

हॅमिल्टनबाईंनी बोस्टनच्या व्हीलॉकमध्ये बालशिक्षणाचं प्रशिक्षण घेतलं आणि बालवाडीत शिकवलं, हे बरोबर. पण त्या क्लीव्हलँडच्या रंगभूमीवर तयार झाल्या होत्या. 1932 साली ब्रॉडवेवर 'अनदर लँग्वेज'मध्ये काम केलं आणि त्याच नाटकाच्या 1933च्या चित्रपटातून पडद्यावर आल्या. 'ऑझ'चं चित्रण ऑक्टोबर 1938मध्ये सुरू झालं, तोवर त्यांचे वीसहून अधिक चित्रपट झाले होते. शिवाय ही भूमिका आधी अभिनेत्री गेल सोंडरगार्ड करणार होत्या. स्टुडिओने मोहक चेटकीण बाजूला सारून कुरूप चेटकीण हवी असं ठरवलं, तेव्हा त्या बाहेर पडल्या आणि नाकीडोळी धारदार अशा चरित्र अभिनेत्रीची, म्हणजे हॅमिल्टनबाईंची, निवड झाली.

आता रंगाचं. चेहऱ्यावरच्या हिरव्या लेपात तांबं होतं. तो पोटात जाऊ नये म्हणून बाई दुपारी स्ट्रॉने पातळ पदार्थ घेत. पण 23 डिसेंबर 1938चा अपघात रंगाने झाला नाही, वेळ चुकल्याने झाला. कथेतल्या मंचकिनलँड या गावातून चेटकीण अदृश्य होते, त्या युक्तीचा क्रम असा: आधी लाल धूर, त्याच्या आड अभिनेत्री जमिनीतल्या झडपेवर, लिफ्ट खाली, आणि ती पूर्ण खाली गेल्यावरच ज्वाळा. पहिला टेक नीट झाला. नंतरच्या एका टेकला बाई खाली पोहोचायच्या आत ज्वाळा उसळल्या, टोपीने आणि झाडूने पेट घेतला. चेहऱ्यावर दुसऱ्या, तर हातावर तिसऱ्या श्रेणीच्या भाजण्याच्या जखमा झाल्या.

रंगाने आग लावली नाही, पण उपचार मात्र भयंकर करून ठेवले. जखमेतून तांबं शरीरात जाऊ नये म्हणून भाजलेल्या कातडीवरचा लेप लगेच अल्कोहोलने पुसावा लागला. या यातनेबद्दल त्या मजकुरात चकार शब्द नसतो. सहा आठवड्यांनी त्या परतल्या, तेव्हा हातावर रंग लावणं शक्य नव्हतं म्हणून हिरवे हातमोजे घातले. (फुप्फुसात धातूची भुकटी गेल्याची गोष्टही काही जण त्यांच्याच नावावर खपवतात. ती बडी एब्सन यांची. याच चित्रपटातल्या टिनमॅनच्या, म्हणजे पत्र्याच्या माणसाच्या, भूमिकेसाठी लावलेल्या अॅल्युमिनियमच्या भुकटीने ते रुग्णालयात पोचले आणि जॅक हेली त्यांच्या जागी आले. हेलींसाठी भुकटीऐवजी लेप वापरला.)

खटला? भरलाच नाही. कारण त्यांच्या धंद्याच्या गणितात आहे. त्या कुठल्याच स्टुडिओच्या पगारी नोकर नव्हत्या. आठवड्याला 1,000 डॉलर या दराने त्या चित्रपटागणिक काम घेत. 1938मध्ये घटस्फोट झालेला, मुलगा लहान. खटला भरणाऱ्या बाईला पुढचा आठवडा कोण देणार? अट घातली ती एकच: यापुढे आगीशी संबंध नको. म्हणूनच धूर सोडणाऱ्या झाडूचा शॉट त्यांनी नाकारला. तो त्यांच्या बदली कलाकार बेटी डँको यांनी दिला, आणि झाडूत दडवलेल्या नळीचा स्फोट होऊन डँको यांचे पाय जखमी झाले. बाईंचा हट्ट किती रास्त होता, ते यावरून कळावं.

'पुन्हा काम मिळालं नाही' हा दावा तर हास्यास्पद. 'ऑझ' ऑगस्ट 1939मध्ये आला. 1940मध्ये 'माय लिटल चिकडी', 1943मध्ये 'द ऑक्स-बो इन्सिडेंट', 1948मध्ये 'स्टेट ऑफ द युनियन'. दूरचित्रवाणीवरच्या 'द अॅडम्स फॅमिली' मालिकेत त्या मॉर्टिशिया या पात्राची आई झाल्या. 1969मध्ये न्यू यॉर्कला 'ओक्लाहोमा!' या संगीत नाटकाच्या नव्या प्रयोगात आत्या एलरची भूमिका. 1970च्या दशकात कॉफीच्या जाहिरातींतली दुकानदारीण कोरा म्हणून अमेरिकेतल्या घराघरांत त्यांचा चेहरा ओळखीचा झाला. आणि मधल्या काळात, 1948 ते 1951, बेव्हर्ली हिल्सच्या शिक्षण मंडळावरही होत्या, म्हणजे शाळा सुटली नव्हतीच.

चेटकिणीची सावली पडली का? पडली, हे मान्य करायला हवं. 1960च्या '13 घोस्ट्स' चित्रपटात त्या घरकाम करणाऱ्या बाईच्या भूमिकेत आहेत आणि घरातला पोरगा तिला चेटकीणच म्हणतो. हा विनोद प्रेक्षकांना 'ऑझ' आठवत असल्यावरच चालतो. पण ज्या 'ऑझ'मध्ये बाई पडद्यावर जेमतेम बारा मिनिटं दिसतात, त्याची एवढी पकड बसली, याचं श्रेय अभिनयाला द्यायचं की 'शाप' म्हणून हळहळायचं?

मुलांची भीती त्यांना माहीत होती आणि त्यावर त्यांनी काम केलं. 1975मध्ये लहान मुलांच्या 'मिस्टर रॉजर्स नेबरहूड'मध्ये त्या साध्या कपड्यांत आल्या. मग चेटकिणीचा पोशाख एकेक करून मुलांसमोरच चढवला आणि हा निव्वळ खेळ आहे, हे समजावून सांगितलं. पुढच्याच वर्षी 'सेसमी स्ट्रीट'वर मात्र त्या चेटकीण म्हणूनच आल्या, आणि पालकांनी इतक्या तक्रारी केल्या की तो भाग पुन्हा दाखवलाच नाही.