‘डिजेरिडू सोडला तर यात आदिवासी काय?’ : एका जुन्या वाचकाला उत्तर

महोदय,

ऑस्ट्रेलियातले आदिवासी (ॲबोरिजिनल) संगीतकार डेव्हिड पेज यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक जुना वाचक’ अशी सही करून आपण जे लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा पुन्हा राग. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी: पेज ज्या आदिवासी नृत्यसंस्थेसाठी संगीत करायचे त्या बंगारा डान्स थिएटरचं स्थापनावर्ष मी चुकवलं, पेज बालगायक होते तो भाग उगाच ताणला, दुसऱ्या जमातींची गाणी कुणाच्या परवानगीनं घेतली ते सांगितलं नाही. आणि मग डिजेरिडू या फुंकून वाजवायच्या लांब लाकडी वाद्यावरून हे रत्न: ‘डिजेरिडू सोडला तर या सिंथेसायझरच्या संगीतात आदिवासी काय आहे? सिडनीत राहिलं म्हणून कुणी जाणकार होत नाही.’

साल चुकलं, मान्य. बंगारा 1989 ची. 1991 हे धाकटे भाऊ स्टीफन पेज कलादिग्दर्शक झाले ते वर्ष. दुरुस्ती केली, आभारही मानतो. पण त्याला ‘निदान विकिपीडिया तरी उघडायचा’ ही शेपूट जोडायलाच हवी होती का? चूक दाखवणं वेगळं आणि टपली मारणं वेगळं.

आता तो डिजेरिडू. आपण ज्या ठसक्यात विचारलंय त्यावरून वाटतं, उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. ठाऊक नाही. हे वाद्य ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचं. आर्नहेम लँडमधले योलंगू लोक त्याला यिडाकी म्हणतात. पेज जन्मले 1961 मध्ये, ब्रिस्बेनला. आईवडिलांकडून नुनुकुल आणि मुनलजाली, म्हणजे आग्नेय क्वीन्सलँडचे. त्या मुलखाची परंपरा यिडाकीची नव्हेच. म्हणजे ज्या एका वाद्यात आपल्याला आदिवासीपण दिसतं, ते त्यांच्या पूर्वजांच्या मातीतलं नाही. मग पेज यांनी काय वाजवायचं होतं, आपण सांगता का?

भाषेचं तर विचारूच नका. क्वीन्सलँडमध्ये 1897 च्या कायद्यानं आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी ॲबोरिजिनल माणसांनी कुठे राहायचं, कुणाशी लग्न करायचं हे सरकार ठरवू लागलं. वसाहतींमध्ये आणि मिशनांमध्ये स्वतःच्या भाषेत बोलणं म्हणजे शिक्षा ओढवून घेणं. त्या दडपणाखाली वाढलेल्या घरांतला मुलगा संगीत करायला बसतो तेव्हा त्याच्यापुढे तयार चीज नसते. त्यानं आवाज गोळा केले, शब्द मिळवले, त्यांचे थर रचले. त्यासाठी यंत्र वापरलं. गुन्हा झाला?

2014 मध्ये सिडनी ऑपेरा हाउसला बंगाराचं ‘पट्येगारांग’ हे नृत्यनाट्य पाहिलं. 1788 च्या पहिल्या ब्रिटिश ताफ्यातून आलेला विल्यम डॉज आणि त्याला आपली भाषा शिकवणारी आदिवासी तरुणी पट्येगारांग, यांची ती गोष्ट. संगीत पेज यांचं. ती भाषा टिपलेल्या डॉजच्या वह्या अजून जपलेल्या आहेत. त्यात एक शब्द आहे, पुटुवा: आपला हात विस्तवावर शेकायचा आणि मग दुसऱ्याची बोटं हळूच दाबायची. एका क्रियापदात एवढं! ती भाषा सिडनीच्या रंगमंचावर कानावर पडली तेव्हा खाली सिंथेसायझर आहे की सारंगी, हे माझ्या तरी ध्यानात आलं नाही. आपल्या आलं असतं कदाचित. आपण जाणकार.

आणि हो, ‘सिडनीत राहिलं म्हणून’ वगैरे. माझे आजोबा कीर्तनात पेटी वाजवायचे. बेचाळीस वर्षं. पेटी युरोपातून आली, पण गावात कुणी त्यांना ‘बुवा, हे कीर्तन विलायती झालं’ असं सुनावल्याचं ऐकिवात नाही. मी स्वतः इथल्या हौशी मराठी नाटकांना अकरा वर्षं कीबोर्डवर साथ केली आहे, बहुधा गळक्या सभागृहांत, आणि एकदा आयोजकांनी पेट्रोलचे पैसेही बुडवले. नृत्याच्या तालमीत एक ठेका कितीदा मोडून पुन्हा बांधावा लागतो ते मला पुस्तकातून कळलेलं नाही. आपण कुठल्या तालमीला बसला होता?

बालगायकाचा भाग लांबला असं आपल्याला वाटलं, वाटू दे. ‘लिटल डेव्ही पेज’ची रेकॉर्ड निघाली, तो टीव्हीवर झळकला, मग आवाज फुटला आणि सगळं संपलं. तो मुलगा समजल्याशिवाय पेज यांचा 2004 चा एकपात्री प्रयोग ‘पेज 8’ कसा समजणार? बारा भावंडांतला आठवा, आडनाव पेज, म्हणून हे नाव. एकटा माणूस रंगमंचावर आणि सगळं घर त्याच्या अंगात. मला तो भाग अजूनही तोकडाच वाटतो.

गाण्यांच्या परवानगीचा प्रश्न मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. इथे जागा नाही.

पेज 2016 मध्ये गेले, म्हणून मला हे लिहावं लागतंय. आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, वरच ठेवली आहे. पुढच्या वेळी नाव लिहा, म्हणजे मलाही ‘महोदय’ म्हणताना दात खावे लागणार नाहीत.