'माती कुठलीही घ्या, रंग ग्लेझच ठरवतं': हा सल्ला का चुकतो

मातीकाम नव्याने शिकणाऱ्यांना हमखास मिळणारा एक सल्ला आहे. माती कुठलीही घ्या, ती ग्लेझखाली, म्हणजे भांड्यावरच्या चकचकीत लेपाखाली, झाकलीच जाते. रंग ठरतो ग्लेझच्या मिश्रणावर, आणि नमुन्यापेक्षा वेगळा आला तर भट्टी चुकली असं समजा. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यापायी मेहनतीने घडवलेली भांडी वाया जातात. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासून बघते.

'माती झाकली जाते.' नाही. ग्लेझ म्हणजे भिंतीवरचा रंग नव्हे, ती काच आहे. बहुतेक ग्लेझमधून उजेड आत शिरतो, मातीवर आदळतो आणि परत बाहेर येतो. मी एकाच बादलीतलं सेलाडॉन, म्हणजे निळसर हिरव्या छटेचं ग्लेझ, दोन टाइल्सवर चढवलं होतं, एक पोर्सेलीनची, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीची, आणि एक लोह भरपूर असलेल्या स्टोनवेअरची, म्हणजे उच्च तापमानात घट्ट भाजल्या जाणाऱ्या मातीची. रिडक्शनच्या, म्हणजे ऑक्सिजन कमी ठेवलेल्या, भट्टीत दोन्ही एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या. पोर्सेलीनवर स्वच्छ निळसर हिरवा रंग आला, कोरलेल्या रेषांत साचून थोडा गडद झालेला. स्टोनवेअरवर तेच ग्लेझ शेवाळी, आणि काठावर पातळ झालं तिथे सरळ तपकिरी. पोर्सेलीनमध्ये लोह ऑक्साइड साधारण १ टक्क्याहून कमी असतं, लाल मातीत ५ टक्के किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. मातीखेरीज दोन टाइल्समध्ये काहीच वेगळं नव्हतं.

चीनमधल्या दक्षिण सोंग काळातल्या, म्हणजे १२व्या-१३व्या शतकातल्या ग्वान भांड्यांची तर ही ओळखच आहे. काळपट मातीमुळे पातळ ग्लेझचा काठ जांभळट दिसतो आणि ग्लेझ नसलेली बैठक लोखंडी रंगाची. 'जांभळं तोंड, लोखंडी पाय' असंच त्यांचं वर्णन केलं जातं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. कथिलाचं ऑक्साइड घालून अपारदर्शक केलेलं पांढरं ग्लेझ माती बऱ्यापैकी लपवतं. मायोलिकात, म्हणजे अशा पांढऱ्या ग्लेझवर रंगवलेल्या भांड्यांत, लाल-पिवळसर माती त्यानेच पांढरी दिसते. पण काठाशी, कानाच्या धारेवर ग्लेझ ओघळून पातळ झालं की तिथे माती डोकावतेच.

'माती खाली, ग्लेझ वर.' माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. स्टोनवेअरच्या भाजणीत, १२०० अंशांच्या पुढे, वितळलेलं ग्लेझ खालच्या मातीचा पृष्ठभाग विरघळवून आत घेतं. मातीतलं लोह, सिलिका, ॲल्युमिना त्यात मिसळतं आणि दोन्हींच्या मध्ये एक सरमिसळ थर तयार होतो. म्हणजे भट्टीतून निघालेलं ग्लेझ बादलीतल्या ग्लेझसारखं उरलेलंच नसतं. ठिपकेदार मातीचं उदाहरण घ्या. त्या मातीतले लोहाचे किंवा मँगनीजचे कण वितळून ग्लेझमध्ये पसरतात आणि पृष्ठभागावर तपकिरी ठिपके उमटतात. बादलीत एकही ठिपका नव्हता.

'बुडबुडे आले म्हणजे भट्टीचा दोष.' कधी कधी असतो. पण मातीतले सेंद्रिय पदार्थ किंवा सल्फेट ग्लेझ लावण्याआधीच्या कच्च्या (बिस्क) भाजणीत पुरते जळाले-सुटले नसतील, तर त्यांचे वायू नेमके ग्लेझ वितळताना बाहेर पडतात. मँगनीज घालून काळी केलेली माती यात विशेष त्रास देते. अशा मातीची बिस्क भाजणी सावकाश आणि खेळत्या हवेत करा.

'बारीक तड्यांची जाळी पडली म्हणजे ग्लेझ वाईट.' तेच ग्लेझ दुसऱ्या मातीवर निर्दोष बसू शकतं. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आक्रसलं तर जाळी पडते, फारच कमी आक्रसलं तर काठावरून कपचे उडतात. मिश्रण बदलण्याआधी माती-ग्लेझची जोडी बदलून बघा.

'मग पांढरी स्लिप, म्हणजे पातळ मातीचा लेप, लावा, प्रश्न मिटला.' रंगापुरता बराचसा मिटतो. जाळी आणि बुडबुडे मात्र खालच्या मातीचेच राहतात, आणि स्लिप स्वतःही मातीशी जुळली नाही तर तीच सोलून निघते.

म्हणून नमुन्याची टाइल नेहमी ज्या मातीची भांडी करणार त्याच मातीची करा. तिला एक धारदार कड आणि एक कोरलेली रेघ असू द्या, म्हणजे ग्लेझ पातळ आणि जाड दोन्ही दिसेल. मागे ग्लेझच्या नावाशेजारी मातीचंही नाव लिहा.