क्युसेक म्हणजे किती पाणी?

विषय अमेरिकेवरून निघाला. हल्ली आमच्या कट्ट्यावर रोजच तिथून निघतो. मॅनेजर बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी आम्ही त्यांना मॅनेजरच म्हणतो. त्यांनी पेपरची घडी मांडीवर आपटली. "ट्रम्पनी दुसऱ्यांदा शपथ घेतली त्याच दिवशी, २० जानेवारी २०२५ ला, पॅरिस हवामान करारातून बाहेर पडायच्या कागदावर सही केली. पहिल्या कारकिर्दीतही बाहेर पडलेच होते. आजवर जगाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. आपला तीन-चार टक्के. मग पुण्यातल्या माणसाने जिवाला काय म्हणून घोर लावून घ्यायचा?"

राजाराम पुलाच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या पायऱ्या आहेत, तो आमचा कट्टा. समोर अमृततुल्य. पावसाळा तोंडावर आलेला, सकाळी सातलाच अंगाला घाम. गेल्या वर्षी २६ मेलाच मान्सून मुंबईत येऊन ठेपला होता, त्यामुळे आता जूनची वाट बघायची सवयसुद्धा मोडली आहे.

"हिशेब बरोबर आहे," सर म्हणाले. भूगोल शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "पण हवेला कुंपण नसतं, मॅनेजर. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं. ते कोणाच्या गाडीच्या धुरामुळे वाढलं हे विचारत बसायला पाऊस थांबत नाही. सह्याद्रीला अडला की खाली येतो. खाली आपण आहोत."

"म्हणूनच म्हणतो, ज्यांनी तापवली त्यांनी पैसे द्यावेत!"

पिंट्या हिंजवडीला नोकरी करतो, कट्ट्यावर सगळ्यात लहान. त्याला हे आकडे तोंडपाठ. "काका, मागितले ना. बाकूला २०२४ च्या हवामान परिषदेत गरीब देशांनी वर्षाला १,३०० अब्ज डॉलर मागितले. श्रीमंतांनी कबूल केले ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत. आणि त्याच २०२४ मध्ये जगाने लष्करावर खर्च किती केला? २,७०० अब्ज. नऊपट. युक्रेन, गाझा, रोज बघतोय आपण. पैसा नाही असं कोणी म्हणूच नये."

यावर वाद घालायला काही उरत नाही, आणि उरत नाही म्हणूनच माणूस हताश होतो. मॅनेजर तेच म्हणाले, "मग आपल्या हातात काय आहे ते सांग. काही नाही. चहा पिऊ."

वहिनी तोवर गप्प होत्या. त्या आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहतात, मी तिसऱ्यावर. एकतानगरीपासून चालत पाच मिनिटं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची एक रेघ आहे. मुलांची उंची मोजायच्या जुन्या रेघांच्या वर, मोठ्या मुलाच्या दहावीतल्या रेघेला लागून. तिच्यापुढे लिहिलंय : २५ जुलै २०२४. पाणी तिथवर आलं होतं. भिंतींना नंतर रंग दिला, चौकटीला देऊ दिला नाही.

"मॅनेजर," त्या म्हणाल्या, "पाऊस कोणी पाडला याचं भांडण तुम्ही जगाशी करा, मी तुमच्या बाजूने आहे. माझं भांडण वेगळं आहे. धरणातून पाणी सोडताना ते माणूसच सोडतो ना? किती सोडतोय हे त्याला माहीत असतं. मला का माहीत नव्हतं?"

त्या रात्रीचं मी आजवर कट्ट्यावर बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. रात्री एका ग्रुपवर फॉरवर्ड आला होता. खडकवासल्यातून विसर्ग वाढवतायत, इतके क्युसेक. मी तो वाचला. आकडा मोठा वाटला, पण किती मोठा हे कळलं नाही. क्युसेक म्हणजे पाणी कुठवर येतं हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. फोन उशाशी ठेवला आणि झोपलो. खाली जाऊन वहिनींचं दार वाजवायला दोन मिनिटं पुरली असती. पहाटे ते वाजवलं आमच्या वॉचमनने, काठीने. त्याच्या साध्या फोनवर कुठलाच मेसेज आला नव्हता. त्याला पाणी दिसलं ते पार्किंगमधल्या स्कूटरच्या चाकाला लागलेलं.

कोणीच काही बोललं नाही. मग सरांनी खिशातून पेन काढलं आणि पेपरच्या कडेला हिशेब मांडला. मला तो त्या रात्री कोणीतरी मांडून द्यायला हवा होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८ लिटर. दोन हंडे. त्या सकाळी विसर्ग ३५ हजारांच्या वर गेला होता. म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. "उन्हाळ्यात आपल्याकडे येतो ना दहा हजार लिटरचा टँकर? तसे शंभर. दर सेकंदाला शंभर टँकर नदीत ओततायत असं समजा."

वहिनींनी तो कागद ओढून घेतला. "हे असं लिहून का पाठवत नाहीत?"

मला वाटतं, सगळ्या चर्चेतला खरा प्रश्न हाच होता. अमेरिकेपेक्षा, बाकूपेक्षा मोठा असं नाही म्हणत मी. त्याच प्रश्नाचं हे आपल्या दारातलं टोक आहे. पाषाणला आपल्याच गावात उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथे तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टम २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाली, आधी बारा किलोमीटरच्या चौकोनाचा अंदाज निघायचा, आता सहा किलोमीटरचा निघतो. हे ज्यांनी केलं त्यांचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण त्या सहा किलोमीटरच्या चौकोनातून वहिनींच्या उंबऱ्यापर्यंत तो अंदाज कोणी आणायचा, हे अजून कोणाचंच काम नाही.

"हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका," पिंट्या म्हणाला. "स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला २९ ऑक्टोबर २०२४ ला पूर आला. हवामान खात्याने सकाळीच धोक्याचा लाल इशारा दिला होता. लोकांच्या मोबाइलवर अलार्म वाजला रात्री आठ वाजून गेल्यावर. तोवर लोक गाड्यांत, तळघरांत अडकून बुडालेले. सव्वादोनशेहून जास्त माणसं गेली. टेक्ससमध्ये ४ जुलै २०२५ ला ग्वादलूपे नदीला पूर आला, शिबिराला आलेल्या लहान मुली वाहून गेल्या. तिथे नदीकाठी भोंगे बसवायची चर्चा कित्येक वर्षं चालू होती. बसवले नव्हते."

"म्हणजे श्रीमंतांनाही जमत नाही," मॅनेजर म्हणाले. "मग तर माझंच खरं झालं."

"नाही काका. व्हॅलेन्सियाचे लोक गप्प बसले नाहीत. दर महिन्याला रस्त्यावर उतरले, वर्षभर. शेवटी २०२५ च्या नोव्हेंबरात तिथल्या प्रांताच्या अध्यक्षांना, मासोन यांना, राजीनामा द्यावा लागला."

"राजीनाम्याने पाऊस थांबला?"

"पाऊस नाही थांबत. पण पुढचा जो कोणी त्या खुर्चीत बसेल तो अलार्मचं बटण दाबायला रात्रीचे आठ वाजवणार नाही."

मॅनेजर याला तयार नव्हते, आणि त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. त्यांचं म्हणणं असं की स्थानिक अधिकाऱ्याला धरून आपण समाधान मानतो आणि मूळ गुन्हेगार सुटतो. कोळसा जाळणारे, करार मोडणारे, सगळे नामानिराळे, आणि सापडतो तो बिचारा खालचा माणूस. २०२४ हे आजवरचं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं, औद्योगिकीकरणाच्या आधीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून जास्त. ते काही खालच्या माणसाने केलेलं नाही. हे मला पटतं. पण दोन्ही भांडणं एकाच वेळी करता येतात की. किंबहुना करावीच लागतील. आपल्या नदीची निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. ही पंचवीस आणि शंभर वर्षं ठरतात जुन्या पावसावरून. पाऊसच बदलला तर त्या रेषांचा अर्थ बदलतो. जगाच्या बातमीचा आपल्या सातबाऱ्याशी, आपल्या पार्किंगशी संबंध आहे तो असा.

आणि विचारायचं कोणाला, हाही प्रश्न होताच. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. पूर आला तेव्हा ज्याच्या घरी जाऊन भांडावं असा निवडून दिलेला माणूसच वॉर्डात नव्हता. जगात लोकशाही कुठे कुठे धोक्यात आहे यावर आम्ही तासन्‌तास बोलतो. आपल्या शहराची जवळपास चार वर्षं अशी गेली, त्यावर कट्ट्यावर किती बोललो? मला एकही सकाळ आठवत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

अण्णा इतका वेळ काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होते. ते १९६१ साली तेरा वर्षांचे होते, नदीकाठच्या पेठेत राहायचे. "पानशेत फुटलं तेव्हा १२ जुलै होती," ते म्हणाले. "आदल्या रात्री जवानांनी धरणावर पोत्यांची रास लावली, म्हणून ते सकाळपर्यंत टिकलं. रात्रीच फुटतं तर आम्ही झोपेतच गेलो असतो. आमच्या वाड्याला कुठला सरकारी माणूस सांगायला आला नाही. तालमीतली पोरं गल्लीतून ओरडत गेली, पाणी आलं, पळा. आईने मला आणि धाकटीला ओढलं, देवातला बाळकृष्ण पदरात बांधला. बाकी काही नाही. पोरं ओरडली म्हणून मी इथे बसलोय."

"पासष्ट वर्षं होत आली," सर हळूच म्हणाले, "तरी वॉचमनची काठीच."

ओडिशाचं मी सांगितलं, कारण तिथलं उदाहरण मला धीर देतं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं मेली. २०१९ ला फनी आलं, तेही प्रचंड मोठं. आधीच बारा लाख लोकांना हलवलं. मृत्यू साठच्या आसपास. ओडिशा काही श्रीमंत राज्य नाही. त्यांनी निवारे बांधले, गावागावात माणसं तयार केली, कोणी कोणाचं दार वाजवायचं ते ठरवून ठेवलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये जाहीर केलंय की २०२७ संपेपर्यंत पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसापर्यंत आपत्तीचा इशारा पोचला पाहिजे. त्या 'प्रत्येक माणसा'त आमचा वॉचमन येतो.

मॅनेजरांनी पेपर नीट घडी करून पिशवीत ठेवला. म्हणाले, "अमेरिकेचं मी सोडणार नाही, सांगून ठेवतो. पण हे टँकरचं गणित मला द्या, सोसायटीच्या फळ्यावर मी माझ्या अक्षरात लिहितो." त्यांचं अक्षर खरंच सुरेख आहे.

मग नुसता फळा पुरणार नाही असं निघालं. किती क्युसेकला पाणी कुठे येतं? पुलाच्या कोणत्या दगडाला लागलं की आपल्या गल्लीत शिरतं? हे कोणाकडेच लिहिलेलं नव्हतं, पण तुकड्यातुकड्यांनी सगळ्यांकडे होतं. अमृततुल्यवाल्याला त्याच्या भट्टीची वेळ आठवत होती, वहिनींना पार्किंगची, वॉचमनला स्कूटरच्या चाकाची. पिंट्या म्हणाला, विसर्गाचे तासातासाचे आकडे मी माहितीच्या अधिकारात मागतो, दोन्ही शेजारी ठेवू. खडकवासला लहान धरण, जेमतेम दोन टीएमसीचं, म्हणजे दोनशे कोटी घनफुटांचं, भराभर भरतं, म्हणजे वेळ फार नसणार हेही सरांनी बजावलं.

वहिनींनी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला नावं लिहायला घेतली. तळमजल्यावरची सहा घरं, प्रत्येकापुढे वरच्या मजल्यावरचा एक माणूस. त्यांच्या स्वतःच्या नावापुढे त्यांनी माझं नाव लिहिलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "रात्री फोनचा आवाज चालू ठेवता ना?"