‘आधी पाठांतर, विचार नंतर’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : चिकित्सक विचार शाळेत शिकवता येत नाही, तो वयाबरोबर आपोआप येतो; दहावीपर्यंत मुलांनी माहिती पक्की करावी, विचार पुढे कॉलेजात करावा; विचाराला गुण देणे म्हणजे तपासणाऱ्याच्या मर्जीला गुण देणे; अशा शिक्षणाने मुले उद्धट होतात; आणि हे परदेशी खूळ तीन भाषांचे ओझे वाहणाऱ्या सीमाभागातील मुलांना परवडणारे नाही. मी मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत बावीस वर्षे समाजविज्ञान शिकवले आहे. यातील एका मुद्द्यात तथ्याचा मोठा अंश आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माहितीवाचून विचार होत नाही, हे खरे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल विलिंगहॅम यांनी २००७ मध्ये हेच मांडले होते की, चिकित्सक विचार हे एकदा शिकून कोणत्याही विषयाला लावता येईल असे सुटे कौशल्य नाही. त्या-त्या विषयाच्या ज्ञानाशी तो बांधलेला असतो. परंतु यातून ‘आधी माहिती, मग विचार’ असा क्रम निघत नाही. विचार वेगळ्या तासाला नव्हे, तर विषयाच्याच तासाला शिकवावा लागतो, एवढेच निघते. १९२४ चे काँग्रेस अधिवेशन बेळगावात भरले आणि महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन होते, हे आपल्याकडचे प्रत्येक मूल पाठ करते. मी वर्गात एवढेच विचारत असे की, हे आपल्याला कशावरून कळले? कोणी पुस्तक दाखवी, कोणी टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीचे नाव घेई, कोणी काँग्रेस रोडचे, तर कोणी आजोबांनी सांगितले म्हणे. मग एकेका पुराव्याची छाननी सुरू होई. रस्त्याला नाव मागाहूनही देता येते. विहीर पाण्याची सोय झाल्याचे सांगते, पण अध्यक्ष कोण होते ते सांगत नाही. आजोबांनी ते स्वतः पाहिले की त्यांच्या वडिलांकडून ऐकले, हे विचारावे लागते. त्या आठवड्यातली वर्तमानपत्रे आणि अधिवेशनाचे छापील इतिवृत्त घटनेच्या सर्वांत जवळ जातात. त्या एका तासानंतर ते साल कोणाला घोकावे लागले नाही. माहिती आणि विचार तिथे बरोबरच पक्के झाले.

विचार वयाबरोबर आपोआप येतो, हे म्हणणेही टिकत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डिॲना कून यांनी ज्ञानाविषयीच्या समजुतीच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर जे छापले आहे किंवा मोठ्यांनी सांगितले आहे, तेच खरे वाटते. दुसरीवर तज्ज्ञांतही मतभेद असतात हे कळते आणि मग ‘ज्याचे त्याचे मत’ असे वाटू लागते. मतांमध्येही पुराव्यानुसार सबळ-दुर्बळ असा भेद करता येतो, हे उमगणे ही तिसरी पायरी. अनेक प्रौढ माणसे दुसऱ्या पायरीवरच थांबलेली आढळतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. आपोआप येणारी गोष्ट असती, तर असे झाले नसते.

आता गुणांचा प्रश्न. शिक्षकांची खरी अडचण हीच आहे आणि ती मी हलकी लेखत नाही. निपाणी-चिकोडी भागात दूधगंगा-वेदगंगेला पूर आला की कर्नाटकातील कृष्णा नदीवरच्या अलमट्टी धरणाची चर्चा घरोघरी सुरू होते. धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या प्रस्तावावर सीमेच्या दोन्ही बाजूंना तावातावाने बोलले जाते. नववीच्या मुलांना मी पाच गुणांचा प्रश्न घातला होता : ‘अलमट्टीच्या फुगवट्यामुळे सांगली-कोल्हापूरला पूर येतो, हा दावा तपासण्यासाठी कोणती माहिती लागेल?’ दावा नेमका मांडला, म्हणजे कोणत्या वर्षीचा पूर आणि कोणते ठिकाण हे स्पष्ट केले, तर एक गुण. धरणाची तारखेवार पातळी, विसर्ग, वरच्या धरणांतून सोडलेले पाणी, पाऊस, नदीची ठिकठिकाणची पातळी, यांपैकी काय लागेल आणि का, यासाठी दोन गुण. ही माहिती कोण गोळा करते आणि त्यात त्याचे हितसंबंध आहेत का, यासाठी एक. कोणता पुरावा मिळाला तर स्वतःचे मत बदलावे लागेल, यासाठी एक. अलमट्टी दोषी की निर्दोष, या उत्तराला गुण नव्हताच. मर्जीला वाव राहू नये म्हणून आम्ही दोघा शिक्षकांनी पहिले दहा पेपर वेगवेगळे तपासले आणि जिथे गुणांत फरक पडला, तिथे बसून बोललो. भाषेच्या पेपरातला निबंध आपण वर्षानुवर्षे तपासत आलो आहोत. त्यालाही एकच ठरलेले उत्तर नसते.

इतरत्र हे मोठ्या प्रमाणावर चालते. अनेक देशांतील शाळांत चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटच्या डिप्लोमा अभ्यासक्रमात ज्ञानमीमांसेचा स्वतंत्र विषय सर्वांना सक्तीचा आहे. त्यात त्या संस्थेने दिलेल्या सहा विषयांपैकी एकावर जास्तीत जास्त सोळाशे शब्दांचा निबंध लिहायचा असतो, आणि तो शाळेबाहेरचे परीक्षक तपासतात. कर्नाटकातील आपल्या दहावीच्या ६२५ गुणांपैकी १२५ गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. सुरुवात तिथून करावी, असे माझे मत आहे. राज्य परीक्षा मंडळाच्या पेपरात हे प्रश्न घाईने आणले, तर ‘पुरावा कसा तपासाल’ याचीही तयार उत्तरे गाईडमध्ये छापून येतील आणि मुले तीही पाठ करतील. ही भीती मला खरी वाटते.

उद्धटपणाच्या आणि परदेशीपणाच्या आक्षेपांना आपल्याच न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, उत्तर आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे, म्हणजे खरे ज्ञान मिळवण्याची साधने, तिथे सांगितली आहेत, आणि शब्द प्रमाण मानायचा तर तो आप्ताचा, म्हणजे जाणत्या आणि विश्वासू माणसाचा, असावा लागतो. चर्चेचेही तीन प्रकार केले आहेत : सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची केवळ मोडण्यासाठी वितंडा. मुलांना पहिला प्रकार शिकवला नाही, तर उरलेले दोन ती मोबाइलवर शिकतातच.

तीन भाषांचे ओझे आहे, हे मी नाकारत नाही. मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तिन्ही पेपर देताना खेड्यातल्या मुलांची दमछाक मी पाहिली आहे. पण एकच घटना दोन भाषांत वाचण्याची सोय इतर किती जिल्ह्यांतल्या मुलांना मिळते? १ नोव्हेंबरला कन्नड वर्तमानपत्रात कर्नाटक राज्योत्सव असतो आणि मराठी वर्तमानपत्रात सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा काळा दिन. एका वर्षी मी मुलांना २ नोव्हेंबरचे दोन अंक आणून दिले आणि दोन्हींत जुळणाऱ्या गोष्टी एका रकान्यात व एकानेच दिलेल्या दुसऱ्या रकान्यात लिहायला सांगितल्या. कन्नड शेजाऱ्यांकडून ती भाषा शिकलेल्या एका मुलीने स्वतःहून तिसरा रकाना आखला होता आणि त्याला शीर्षक दिले होते, ‘दोघांनीही न सांगितलेले’.