मधल्या मेंढीला काय दिसतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तवंदी घाटात रस्त्यावरून जाणारा मेंढरांचा कळप गाडीच्या हॉर्नला एकदम वळतो, तेव्हा ‘सगळा कळप एका मनानं घाबरतो’ असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर निपाणीच्या एका वाचकांनी चांगलंच धारेवर धरलंय: ‘ही माणसाची भीती मेंढरांवर चिकटवणं झालं. पुढचं खड्ड्यात पडलं की मागची पडतात. त्यांना कसली आलीय जाणीव?’

साहेब, पहिला आक्षेप मान्य. ‘एका मनानं’ हे चुकलंच. डोळे-कान असतात ते एकेका मेंढीला, कळपाला नाही. हिवाळ्यात जोंधळ्यावर उतरणाऱ्या भोरड्यांच्या युरोपातल्या भाऊबंदांचे थवे रोममध्ये मोजले गेले. २००८ साली निष्कर्ष आला की एक पक्षी जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडेच लक्ष ठेवतो. थव्याची नक्षी खालून बघणाऱ्याला दिसते, आतल्या पक्ष्याला नाही.

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. कल्पना करायचीच तर मधल्या मेंढीपासून करा. डोळे जमिनीपासून दोनेक फुटांवर आणायचे. बाहुल्या आडव्या, त्यामुळे दोन्ही बाजूंचं बरंच दिसतं; मान वर असली की नेमकं पाठीमागचं तेवढं सुटतं. लाल-हिरव्यातला फरक पुसून टाकायचा. आता समोर काय उरलं? शेजारणींची लोकर आणि पुढचीचं ढुंगण. कुत्रं तिला दिसतच नाही, दिसते शेजारीण वळलेली. खड्डाही तसाच. मागची पडते ती अक्कल नाही म्हणून नव्हे. खड्डा तिच्यापर्यंत पोचलेलाच नसतो आणि मागून रेटा असतो.

शेजारीण तिच्या लेखी कुणीतरी एक नसते, हे महत्त्वाचं. मेंढ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त लक्षात ठेवतात, हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. २००४ च्या प्रयोगात एकट्या कोंडलेल्या मेंढीला ओळखीच्या मेंढीचा नुसता फोटो दाखवला, तर ओरडणं आणि हृदयाचे ठोके कमी झाले. बकरीचा चेहरा किंवा उलटा त्रिकोण दाखवून तेवढा फरक पडला नाही. (आपल्याकडे धनगर मेंढरांनाही बकरीच म्हणतात, ते वेगळं.) म्हणून औषध पाजायला मेंढी बाजूला काढताना सोबत दुसरी, नजरेसमोर राहील अशी, ठेवावी. एकटी काढली की ती कुंपणावर धडका घेते आणि आपण तिला अडेल ठरवतो.

वासापाशी मात्र माझी कल्पना लंगडी पडते. व्यालेली मेंढी पहिल्या काही तासांतच पिलाचा वास पक्का करते, मग परक्या कोकराला आचळाला लागू देत नाही. मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकरावर चढवायची जुनी युक्ती त्यातलीच. कातडं हुंगून ती पाजू देते, एवढं बाहेरून दिसतं. त्या हुंगण्यात तिला काय जाणवतं, तिथं तुमचा आक्षेप मला अजून खोडता आलेला नाही.