शिफारसपत्र विद्यार्थ्यांकडून लिहून घेऊ नका

गणपती झाले की फेलोशिपांचा मोसम सुरू होतो. ब्रिटनच्या चेवनिंग आणि कॉमनवेल्थ, जर्मनीची डाड वाइज, कॅनडाची मायटॅक्स, आपल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप. यांतल्या बऱ्याच फेलोशिपांच्या अर्जाच्या मुदती सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान येतात आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे सेमिस्टरची परीक्षा, पेपर तपासणी आणि दिवाळीची सुट्टी असते. या धावपळीत पुण्यातल्या कॉलेजांच्या स्टाफरूमबाहेर, शिफारसपत्र मागायला आलेल्या मुलांना, एक वाक्य हमखास ऐकू येतं : "तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो."

या वाक्याबद्दल मला आज सविस्तर लिहायचं आहे. मी स्वतः शिक्षिका आहे, वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे हे घरातल्या माणसांशी बोलल्यासारखं समजा.

अमेरिकेत शिकायला जाण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू फेलोशिपला तीन शिफारसपत्रं लागतात, चेवनिंगला दोन. अकादम्यांच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपलासुद्धा एका शिक्षकाचं पत्र लागतंच. कारण उघड आहे. अर्ज करणाऱ्या बहुतेकांचे मार्क चांगलेच असतात. निबंध तर हल्ली सगळेच घोटून घोटून गुळगुळीत करून पाठवतात. अख्ख्या अर्जात उमेदवाराबद्दल दुसरं कुणी बोलतं ते फक्त या पत्रात. ते पत्रही उमेदवारानंच लिहिलं, तर निवड करणाऱ्यांच्या हातात राहतं काय?

आणि वीस वर्षांचं पोर स्वतःबद्दल लिहिणार तरी काय? संकोचतं, नेटवरून नमुना उचलतं. मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, सर्वांशी मिळून-मिसळून वागणारी. एकाच कॉलेजातून चार अर्ज गेले तर चारही पत्रांत हीच विशेषणं, फक्त नाव वेगळं. अशी पत्रं वाचणाऱ्या माणसाला दुसऱ्या ओळीतच कळतं की या मुलीला ओळखणाऱ्या कुणी हे लिहिलेलं नाही. ज्या मुलीनं तीन वर्षं जीव ओतून काम केलं, तिचा अर्ज तिथेच मागे पडतो आणि तिला कारण कधीच कळत नाही.

याहून मोठी गोष्ट मला छळते. संशोधनाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलांना आपण पहिला धडा कोणता देतो? दुसऱ्याच्या नावानं खोटं लिही, मी खाली सही ठोकतो. उद्या त्याच मुलांना आपण वाङ्मयचौर्यावर लेक्चर देणार!

आमच्या ओळखीतली एक मुलगी, पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली. त्या भागात बाळहिरडा हे औषधी फळ गोळा करून विकणं हा कित्येक घरांचा आधार आहे. तिला उन्हाळी संशोधनासाठी अर्ज करायचा होता. निबंधाचा पहिला खर्डा आणला तो असा, की लहानपणापासून निसर्गाची ओढ, विज्ञानानं जग बदलायचं वगैरे. मी खर्डा बाजूला ठेवला आणि घरच्या झाडांबद्दल विचारलं, तशी ती बोलायला लागली. बाळहिरडा म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ, बी धरायच्या आत तोडलेलं. पक्व हिरड्यापेक्षा त्याला भाव चांगला, म्हणून झाडावर पिकायला फारसं काही राहतच नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात जुनी झाडं पडली. ती म्हणाली, "मॅडम, आज्जीच्या वेळची झाडं गेली, पण त्यांच्या जागी रोप दिसत नाही कुठं. बी पडलंच नाही तर येणार कुठनं?" तिच्याकडे प्रश्न तयार होता. खरा, मोजता येण्यासारखा, आणि असा की तो पुण्यातल्या मुलाला सुचलाच नसता.

आता पत्र कुणाचं घ्यायचं? तिला सगळ्यात जवळून ओळखणारे सर तासिका तत्त्वावरचे, म्हणजे कायम नोकरी नसलेले, तासागणिक मानधनावरचे. पावसाळ्यातल्या फील्डला तेच घेऊन जायचे, तिच्या नोंदवह्या तेच तपासायचे. पण त्यांना कॉलेजचा ईमेल आयडी नाही, लेटरहेड नाही, आणि पुढच्या जूनमध्ये ते असतील की नाही हेही ठाऊक नाही. कित्येक फेलोशिपांच्या पोर्टलवर शिक्षकाचा संस्थेचा ईमेल मागतात, साधा जीमेल चालत नाही. म्हणजे ज्याला माहिती आहे त्याला लिहिता येत नाही आणि ज्याच्याकडे आयडी आहे त्याला मुलीचं नाव हजेरीपटात बघावं लागतं. ही अडचण एकट्या तिची नाही. पदं रिकामी आहेत, वर्ग तासिकावाल्यांच्या जिवावर चालतात आणि त्यांच्याजवळची माहिती कागदावर उतरतच नाही.

त्यात त्या सरांना इंग्रजीची धास्ती. ही धास्ती मी अनेक चांगल्या शिक्षकांत पाहिली आहे. "माझ्या इंग्रजीमुळे तिचं नुकसान नको" असं म्हणून ते बाजूला होतात. मग आम्ही विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये बसलो. सर मराठीत सांगत गेले, मी टाइप करत गेले, विभागप्रमुखांनी मध्येमध्ये प्रश्न विचारले. सरांनी सांगितलं की फील्डवर बाकीची मुलं फोटो काढत होती तेव्हा ही गुडघ्यावर बसून झाडाखालची रोपं शोधत होती; की तिनं आपणहून दोऱ्यानं चौकट आखली आणि आतलं सगळं मोजलं; की मोजणी चुकीच्या उतारावर झाली हे तिच्या लक्षात आलं तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन नव्यानं केली. एकही विशेषण नाही. पत्र विभागप्रमुखांच्या नावानं गेलं, आणि माहिती कोणत्या शिक्षकाकडून मिळाली हे त्यात स्पष्ट लिहिलं, सरांच्या नावासकट. इंग्रजी साधंच होतं. तिची निवड झाली. नसती झाली तरी माझं मत हेच राहिलं असतं.

आपल्याकडे शिफारस कशी करावी याचं फार मोठं उदाहरण आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी मुंबईत दुसऱ्या शाळेत शिकवायचे, भीमराव आंबेडकरांचे ते वर्गशिक्षकही नव्हते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा त्यांनी हेरला, चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तकं दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेलं पुस्तक भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. गुरुजींच्या शब्दाला वजन होतं, कारण त्यांनी त्या मुलाला वाचताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता आपल्या शहराकडे बघा. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. एमपीएससीची जाहिरात आली की चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत सगळ्यांना खबर. फेलोशिपांच्या बाबतीत तशी कुजबुजसुद्धा नाही. पाषाणच्या आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेतल्या मुलांना ही माहिती सीनियरकडून आपसूक मिळते; तिथे पाचवं वर्ष अख्खं संशोधन प्रबंधाचं, त्यामुळे एक तरी प्राध्यापक त्यांना नीट ओळखतो. पाषाण रस्त्यावरून पीएमपीच्या बसनं अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या कॉलेजात बीएस्सीच्या मुलीला अकादम्यांची फेलोशिप नावाची गोष्ट असते हेच तिसऱ्या वर्षी कळतं, तेव्हा अर्जाची वेळ निघून गेलेली असते. ज्यांच्या घरी पैसा आहे ती मुलं कन्सल्टंटकडे जातात. तिथे निबंध आणि शिफारसपत्रं यांचं एकत्र पॅकेजच मिळतं. शिक्षकांनी हात झटकले की ही दुकानं चालणारच.

शिक्षकांची बाजू मला ठाऊक आहे. एका वर्गात शंभरावर मुलं, कॉलेजच्या मूल्यांकनासाठी नॅकच्या फायली, निवडणुकीची कामं. बढतीच्या फॉर्ममध्ये शोधनिबंधांना गुण आहेत, पण एका विद्यार्थ्यासाठी संध्याकाळभर बसून लिहिलेल्या पत्राला रकाना नाही. तो असायला हवा. पण तो येईपर्यंत एक तर लिहा, नाहीतर "मी तुला पुरेसं ओळखत नाही, अमक्या मॅडमना विचार" असं सरळ सांगा. असा नकार मुलीचं नुकसान करत नाही, पोकळ पत्र करतं.

मुलांनो, तुम्हालाही सांगायचं आहे. मुदतीच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर "सर अर्जंट लेटर पाहिजे" असं पाठवू नका. महिनाभर आधी जाऊन भेटा. निबंधाचा खर्डा, मार्कशीट आणि त्या शिक्षकांबरोबर कोणतं काम केलं याची अर्धं पान टिपणं न्या. टिपणं देणं रास्त आहे, त्यातून त्यांना आठवेल. पण पत्र त्यांनाच लिहू द्या. आणि भीड न बाळगता विचारा, "तुम्हाला माझ्याबद्दल मनापासून लिहिता येईल का?" उत्तर देताना ते घुटमळले तर आभार मानून दुसऱ्या दारात जा. पहिल्या वर्षापासून एखाद्या शिक्षकाच्या प्रयोगशाळेत, फील्डवर, ग्रंथालयात उगाच रेंगाळायची सवय लावा. चांगलं पत्र तिथेच तयार होत असतं.

ही पोस्ट वाचणाऱ्या प्राचार्यांना माझी एकच विनंती आहे. तासिका तत्त्वावरच्या प्रत्येक शिक्षकाला कॉलेजचा ईमेल आयडी द्या आणि ते सोडून गेल्यावरही निदान एक वर्ष तो चालू ठेवा. कॉलेजच्या आयटीवाल्याला अर्ध्या दिवसाचं काम आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी झालं तर याच वर्षीच्या मुलांना उपयोगी पडेल.