‘पन्नास लाख असतील तरच परदेशात संशोधन’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

एमएस्सीचे निकाल जवळ आले की जळगाव-धुळे-नंदुरबारच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरायला लागतो: “परदेशात संशोधन म्हणजे ४०-५० लाखांचं कर्ज. स्कॉलरशिप आयआयटीवाल्यांनाच. आपल्या डिग्रीला तिकडे किंमत नाही. सरकारी योजना कागदावरच. एजंटाशिवाय फॉर्म भरता येत नाही. आणि गेलेलं पोरगं परत येत नाही. त्यापेक्षा एमपीएससी करा.” खाली हात जोडलेले इमोजी, आणि कुणीतरी लिहितो, “तठे आपले कोन इचारस?”

एमपीएससी करणाऱ्यांबद्दल तक्रार नाही. पण ज्या मुलीला प्रयोगशाळेत राहायचे आहे, तिच्या वडिलांनी हा मेसेज वाचून “राहू दे” म्हणावे, हे मला सहन होत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, कर्जाचा. ४०-५० लाखांचा आकडा खोटा नाही, पण तो स्वतःच्या खर्चाने मास्टर्स करायला जाणाऱ्यांचा आहे. संशोधनाचा हिशेब वेगळा असतो. अमेरिकेत विज्ञान शाखांच्या पीएचडीला प्रवेश मिळाला की बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल दरमहा मानधन मिळते. (२०२५ पासून तिथल्या निधीला कात्री लागली आहे, काही विभागांनी जागा कमी केल्या आहेत, तेव्हा एकट्या अमेरिकेवर विसंबू नका.) नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये पीएचडी ही बहुतेक वेळा रीतसर पगारी नोकरी असते. जर्मनीत संशोधकाला अनेकदा सरकारी वेतनश्रेणीत घेतात, टीव्ही-एल ई-१३ म्हणतात तिला, आणि बरेचदा पूर्ण नव्हे तर अर्ध्या किंवा पाऊण पदावर. तेवढ्यात साधेपणाने राहता येते. युरोपीय संघाच्या मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये (याही पीएचडीच्या पगारी जागा) कोणत्याही देशाचा उमेदवार चालतो; राहण्याची अट एवढीच की आधीच्या ३६ महिन्यांत ज्या देशात जायचे त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावा. ही अट जामनेरचा मुलगा आपोआप पूर्ण करतो! या जागांच्या जाहिराती युरॅक्सेस या संकेतस्थळावर निघतात. मास्टर्सच करायचे असेल तर युरोपीय संघाची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती आहे: फी नाही, वर महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने.

व्हिसासाठी जर्मनीत वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात, हेही मेसेजवाले सांगतात. स्वतःच्या पैशावर जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ते खरे आहे. पुरेशी शिष्यवृत्ती किंवा पगाराचा करार हातात असेल तर ते पत्रच पुरावा म्हणून चालते.

खिशातून काहीच जात नाही असे मात्र मी म्हणणार नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी, पासपोर्ट, काही विद्यापीठांचे अर्जशुल्क, तिकीट आधी काढून नंतर मिळणारी भरपाई, पहिल्या महिन्याचे भाडे. कापसावर चालणाऱ्या घराला हे जड जाते. पण ही रक्कम लाख-दीड लाखाच्या आसपासची आहे, पन्नास लाखांची नव्हे. ज्या भीतीने मुलगी अर्जच करत नाही, ती भीती चुकीच्या आकड्याची आहे.

आयआयटीचा मुद्दा अर्धाच खरा. पदवीच्या मुलांसाठीच्या काही उन्हाळी इंटर्नशिप ठरावीक संस्थांपुरत्या असतात. पण जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती, जर्मनीच्या डाड या संस्थेच्या संशोधन शिष्यवृत्त्या, जपानमधल्या ओकिनावाच्या ओआयएसटी या विज्ञान विद्यापीठाची इंटर्नशिप यांत कॉलेजचे नाव ही पात्रतेची अट नाही. भारत २०१७ पासून सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा सहयोगी सदस्य आहे आणि २०१६ पासून एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संघटनेच्या परिषदेचाही; म्हणून दोन्हीकडे भारतीयांना अर्ज करता येतो. एम्बो जीवशास्त्रातल्या तरुण संशोधकांना दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत थोड्या काळासाठी काम करायला पैसे देते. पीएचडी होऊन चार वर्षे उलटली नसतील तर जर्मनीच्या हम्बोल्ट फेलोशिपला वर्षात केव्हाही अर्ज करता येतो, आणि तिथे ना देशाचा कोटा, ना विषयाचा.

डिग्रीची किंमत? जळगावचे बहिणाबाई चौधरी विद्यापीठ १९९० साली कायद्याने स्थापन झालेले राज्य विद्यापीठ आहे. जर्मनीत कोणती परदेशी विद्यापीठे मान्य आहेत, हे अनाबिन या खुल्या यादीत कुणीही पाहू शकतो. तीन वर्षांची बीएस्सी अनेक ठिकाणी कमी पडते, हे खरे. तिच्यावर दोन वर्षांची एमएस्सी झाली की ती अडचण बहुधा उरत नाही. त्यापुढे विचारतात ते तुमच्या कामाबद्दल. रावेर-यावलच्या मुलाने केळीवरच्या मर रोगाचे नमुने नीट जमवले असतील, तर त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. जगातला केळीच्या वाणांचा सर्वांत मोठा संग्रह बेल्जियममध्ये ल्युव्हेनच्या विद्यापीठात आहे, दीड हजारांहून अधिक नमुन्यांचा. तिथल्या माणसाला केळीचे शेत रोज दिसत नाही. आपल्याला दिसते. तिथल्या प्राध्यापकांना पाठवायचा मेल दहा ओळींचा असावा आणि त्यात आपण काय मोजले ते असावे. “रिस्पेक्टेड सर, आय एम हार्डवर्किंग” नव्हे.

सरकारी योजनांबद्दलचा राग मला समजतो. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. २०२५ मध्ये १०६ जण निवडले आणि सुरुवातीला पत्रे फक्त ४० जणांना दिली. शिवाय २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास यांवरच्या संशोधनाला ही योजना पैसे देत नाही. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण मिळालेली चाळीस पत्रे कागदावरची नव्हती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या वेगळ्या योजनेत देशभर मिळून २० जागा आहेत. ज्या नंदुरबार जिल्ह्यात ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, तिथल्या प्रत्येक कॉलेजच्या फलकावर ही माहिती लागायला हवी. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी ७५ जागांची आहे. मराठा समाजासाठी सारथी संस्थेची आणि इतर मागास वर्गासाठीचीही स्वतंत्र योजना आहे. वयाची, उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या क्रमवारीची अट दरवर्षीच्या जाहिरातीतच वाचा, फॉरवर्डमध्ये नाही.

एजंट लागत नाही. डाड, मेक्स्ट, अमेरिकेची फुलब्राइट फेलोशिप यांच्या अर्जाला शुल्क नाही. “सीट पक्की करतो” म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. हवे आहे ते वेळेचे भान: बहुतेक अर्ज जाण्याच्या वर्षभर आधी भरावे लागतात, म्हणजे एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच. निकाल हातात आल्यावर शोधायला बसलात तर एक वर्ष गेलेच.

राहता राहिले परत न येणे. फुलब्राइटवर जाणाऱ्याला अमेरिकेत कायम राहण्याचा अर्ज करण्याआधी दोन वर्षे मायदेशी काढावी लागतात, ही व्हिसाचीच अट आहे. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप तर इथल्याच विद्यापीठात पीएचडी करणाऱ्यांसाठी आहे, सहा ते नऊ महिन्यांची. फ्रान्ससाठीची रामन-शार्पाकही तशीच, काही महिन्यांची. जळगावात नाव नोंदवलेली संशोधक तिकडे जाते, इथे नसलेल्या यंत्रावर आपले नमुने मोजते आणि प्रबंध जळगावातच सादर करते.